डच भाषेतील अक्षरविभाजन व आघात

डच भाषेतील अक्षरविभाजन व आघात : डच शब्दांची उच्चारात व लेखनात अक्षरांत होणारी फोड आणि त्या अक्षरांपैकी एकावर पडणारा जोर यांविषयीची व्यवस्था. डच ही इंडो-यूरोपीय कुलाच्या जर्मानिक शाखेतील पश्चिम गटाची भाषा असून ती नेदर्लंड्स, बेल्जियमचा उत्तर भाग (फ्लँडर्स) व सुरिनाम येथे प्रशासनाची व शिक्षणाची भाषा आहे. सु. अडीच कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. जर्मनप्रमाणेच या भाषेत अनेक शब्द एकमेकांना जोडून एकसंध लिहिण्याची प्रथा असल्याने दहा-पंधरा अक्षरांचे शब्द कायद्यात, वृत्तपत्रांत व नित्याच्या पत्रव्यवहारात आढळतात. असा शब्द कोठे तोडावा आणि त्यात जोर कोठे द्यावा, हे कळल्याखेरीज तो नीट वाचता येत नाही व त्याचा अर्थही लागत नाही. त्यामुळे व्याकरण, शुद्धलेखन, मुद्रण, परभाषकांचे शिक्षण आणि संगणकीय भाषाप्रक्रिया या सर्व क्षेत्रांत हा विषय महत्त्वाचा ठरला आहे.

संज्ञा व लेखनसंकेत : मराठीत ‘अक्षर’ हा शब्द लिपिचिन्ह आणि एका झटक्यात उच्चारला जाणारा ध्वनिगट अशा दोन्ही अर्थांनी रूढ आहे. येथे तो दुसऱ्या अर्थाने वापरला असून रोमन लिपीतील चिन्हास ‘वर्ण’ म्हटले आहे. अक्षराच्या केंद्रस्थानी स्वर असतो. त्याच्या आधी व नंतर व्यंजने येऊ शकतात. स्वरान्त अक्षरास विवृत आणि व्यंजनान्त अक्षरास संवृत म्हणतात. आघात म्हणजे शब्दातील एखादे अक्षर शेजारच्या अक्षरांपेक्षा अधिक जोराने, अधिक लांबवून व बहुधा वेगळ्या सुरात उच्चारणे. पुढील उदाहरणांत अक्षरे संयोगचिन्हाने वेगळी केली असून प्रधान आघात असलेल्या अक्षरापूर्वी (ˈ) हे चिन्ह दिले आहे. डचमधील ऱ्हस्व ‘अ’ व आघातहीन उदासीन स्वर हे दोन्ही अकाराने दाखविले आहेत. संयोगचिन्हानंतर एकटे आलेले व्यंजन वा जोडाक्षर अकारासह उच्चारावयाचे आहे. अन्यत्र अंत्य व्यंजन मराठीच्या रीतीप्रमाणे हलन्त समजावे. डचमधील घशातून येणारे घर्षक व्यंजन ‘ख’ने दर्शविले आहे.

अक्षराची रचना : डच अक्षराच्या आरंभी तीनपर्यंत व्यंजने येऊ शकतात. तीन असल्यास पहिले बहुधा स, दुसरे स्फोटक वा घर्षक आणि तिसरे र किंवा ल असते, उदा., स्ट्रात (रस्ता). अक्षराच्या अखेरीस चारपर्यंत व्यंजने आढळतात, उदा., हेर्फ्स्ट (शरद ऋतू). दोन शब्दांचा समास झाला म्हणजे पहिल्याच्या अखेरची आणि दुसऱ्याच्या आरंभीची व्यंजने शेजारी येतात. ‘भीतीची किंकाळी’ या अर्थाच्या ˈअङ्स्ट-स्ख्रेउ या शब्दाच्या मध्यभागी आठ व्यंजनवर्ण सलग लिहिले जातात. परकीयास हा व्यंजनांचा ढीग दुर्घट वाटला, तरी अङ्स्ट (भीती) व स्ख्रेउ (किंकाळी) हे दोन भाग ओळखता आले की, प्रत्येक अक्षर नियमातच बसते.

डच स्वरांचे दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गातील स्वर परंपरेने ऱ्हस्व म्हटले जातात व ते आघातयुक्त स्थानी विवृत अक्षरात येऊ शकत नाहीत. त्यांच्यामागे व्यंजन असावेच लागते. दुसऱ्या वर्गातील, म्हणजे दीर्घ म्हटले जाणारे स्वर व संयुक्त स्वर विवृत आणि संवृत अशा दोन्ही अक्षरांत येतात. यांशिवाय उदासीन स्वर हा तिसरा प्रकार असून तो कधीही आघात धारण करीत नाही.

बोलण्यात र किंवा ल यांच्यानंतर दंत्य नसलेले व्यंजन त्याच अक्षरात आले, तर मध्ये उदासीन स्वर शिरतो आणि एकाक्षरी शब्द द्व्यक्षरी होतो. मेल्क (दूध) याचा उच्चार मे-लक, अर्म (हात) याचा अ-रम आणि फिल्म याचा फि-लम असा ऐकू येतो. मराठी बोलण्यातील ‘फिलम’ या उच्चारामागेही हीच सोय आहे. याउलट, नेदर्लंड्सच्या पश्चिम भागातील बोलण्यात शब्दान्ती उदासीन स्वरानंतर येणारा न बहुधा गळतो. लेखनात या दोन्ही गोष्टी दाखविल्या जात नाहीत.

अक्षररचना आणि शुद्धलेखन : डच शुद्धलेखनाचा पायाच अक्षरविभाजनावर आधारलेला आहे. दीर्घ स्वर संवृत अक्षरात असल्यास त्याचा वर्ण दोनदा लिहितात. विवृत अक्षरात असल्यास एकदाच लिहितात. उदा., मान (चंद्र) या शब्दात ‘ए’ हा वर्ण दोनदा येतो. पण मा-नन (अनेक चंद्र) या अनेकवचनात पहिले अक्षर विवृत झाल्यामुळे तो एकदाच लिहिला जातो. याउलट, मन (पुरुष) या शब्दातील स्वर ऱ्हस्व आहे. त्याचे अनेकवचन मनन असे होते आणि ऱ्हस्व स्वर विवृत अक्षरात राहू शकत नाही म्हणून पुढील ‘एन’ हा वर्ण दोनदा लिहून अक्षर बंद केले जाते. उच्चारात मात्र न एकच असतो. तो पहिल्या अक्षराचा शेवट आणि दुसऱ्याचा आरंभ अशी दोन्ही कामे करतो. अशा व्यंजनास उभयाक्षरी व्यंजन म्हणतात. शाळकरी मुलास शुद्धलेखन शिकताना प्रथम शब्दाची अक्षरे पाडावयास शिकवितात, ते या कारणाने.

काही शब्दांत अनेकवचन करताना स्वरच बदलतो. दख (दिवस) याचे अनेकवचन दा-खन आणि वेख (मार्ग) याचे वे-खन असे होते. मध्ययुगीन डचमध्ये विवृत अक्षरातील आघातयुक्त ऱ्हस्व स्वर दीर्घ झाले. एकवचनात अक्षर संवृत असल्यामुळे तेथे जुना ऱ्हस्व स्वर टिकला आणि अनेकवचनात तो दीर्घ झाला. अक्षराच्या सीमेने भाषेचा इतिहास कसा घडविला, याचे हे बोलके उदाहरण आहे.

अक्षरसीमा ओळखण्याची आणखी एक खूण म्हणजे अक्षरान्ती घोष व्यंजनाचे अघोष होणे. ‘कुत्रा’ या अर्थाचा शब्द ‘डी’ या वर्णाने संपतो, पण त्याचा उच्चार हॉन्ट असा होतो. ˈहॉन-डन या अनेकवचनात हे व्यंजन दुसऱ्या अक्षराच्या आरंभी जाते आणि त्याचा मूळचा घोषपणा परत येतो. याच खुणेवरून प्रत्ययांचे स्वरूपही कळते. ‘लालसर’ या अर्थाचे दोन शब्द आहेत : ˈरो-डख व ˈरोट-अख-टख. पहिल्यातील प्रत्यय मूळ शब्दात मिसळून जातो, म्हणून ड टिकतो. दुसऱ्यातील प्रत्यय स्वराने सुरू होत असूनही स्वतंत्र शब्दासारखा वागतो, म्हणून त्याच्यापूर्वी अक्षर संपते व डचा ट होतो.

ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियम : मुद्रणात ओळ संपताना शब्द तोडण्याची वेळ डचमध्ये वारंवार येते. त्याविषयीचे नियम थोडक्यात पुढीलप्रमाणे आहेत. (१) समासातील घटक शब्दांच्या सीमेवर शब्द प्रथम तोडावा. (२) उपसर्गानंतर आणि व्यंजनाने सुरू होणाऱ्या प्रत्ययापूर्वी तोडावे. वर उल्लेखिलेला ‘-अखटख’ हा स्वरादी प्रत्ययही याच नियमात येतो. (३) दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असल्यास ते पुढील अक्षराकडे जाते. (४) दोन व्यंजने असल्यास एक मागे व एक पुढे जाते. मात्र ‘सी’ व ‘एच’ या जोडीने दाखविला जाणारा ध्वनी एकच मानतात. (५) तीन वा अधिक व्यंजने असल्यास, डच शब्दाच्या आरंभी एकत्र येऊ शकतील तेवढी पुढे जातात. उदा., ˈव्हेन-स्टर (खिडकी) या शब्दात न मागे राहून स व ट पुढे जातात. (६) एकच वर्ण ओळीच्या शेवटी किंवा पुढील ओळीच्या आरंभी एकटा ठेवू नये. ˈआ-डम (श्वास) हा शब्द उच्चारात द्व्यक्षरी असला, तरी पहिले अक्षर एकाच वर्णाचे असल्याने तो मुद्रणात तोडता येत नाही.

या नियमांत उच्चार आणि घटना यांचा मेळ घातलेला असला, तरी दोहोंत विरोध आल्यास घटनेला प्राधान्य मिळते. ‘पूजणे, आदर करणे’ या अर्थाचे क्रियापद बोलण्यात व्ह-ˈरे-रन असे येते. कारण उपसर्गातील र पुढील स्वराला चिकटतो. लेखनात मात्र उपसर्ग अखंड ठेवून व्हर-एरन असेच तोडावे लागते. काही ठिकाणी वर्णच निर्णायक ठरतात. झिंङन (गाणे) या क्रियापदात मधले अनुनासिक एकच आहे, पण ते दोन वर्णांनी लिहिले जात असल्याने ओळ त्या दोन वर्णांच्या मधोमध तोडतात.

शब्द तोडल्यावर कधी कधी त्याचे लेखनही बदलते. ˈऑ-टो-ट्य (छोटी मोटार) या लघुत्वदर्शक रूपात दीर्घ ‘ओ’ दोनदा लिहितात. परंतु ओळ त्याच्यानंतर तुटल्यास अक्षर विवृत असल्याचे उघड दिसते, म्हणून एक ‘ओ’ गळतो. तसेच लगतचे दोन स्वर वेगवेगळ्या अक्षरांतील आहेत हे दाखविण्यासाठी दुसऱ्या स्वरावर दोन टिंबे देतात. त्यांना त्रेमा म्हणतात. रे-यु-ˈनी (पुनर्मीलन) या शब्दात ‘ई’ व ‘यू’ हे वर्ण शेजारी येतात. एरव्ही ही जोडी एकच स्वर दर्शविते. म्हणून येथे त्रेमा आवश्यक असतो. ओळ नेमकी या दोन स्वरांमध्ये तुटली, तर संयोगचिन्हानेच काम भागते आणि त्रेमा गाळला जातो.

आघाताचे अर्थभेदक कार्य : मराठीत एखाद्या शब्दावर जोर देऊन वाक्याचा रोख बदलता येतो, परंतु केवळ आघाताची जागा बदलल्याने शब्दाचा कोशगत अर्थ बदलत नाही. डचमध्ये तो बदलू शकतो. ˈका-नॉन म्हणजे प्रमाणग्रंथांचा संच व का-ˈनॉन म्हणजे तोफ. ˈअ-पल म्हणजे सफरचंद, तर अ-ˈपेल म्हणजे हजेरीसाठी दिलेली हाक. ‘ई’ हा वर्ण दीर्घ ए, ऱ्हस्व ए आणि उदासीन स्वर अशा तिन्हींसाठी वापरला जात असल्याने आघाताबरोबर स्वरांचे उच्चारही पालटतात. एकाच तऱ्हेने लिहिलेला शब्द ˈरे-खन्ट असा वाचला, तर ‘पाऊस पडतो’ असा अर्थ होतो व रे-ˈखेन्ट असा वाचला, तर ‘राज्यपालक’ असा अर्थ होतो. ˈबे-ड-लन म्हणजे भीक मागणे आणि ब-ˈडे-लन म्हणजे दान देणे, असे जवळजवळ विरुद्ध अर्थ एकाच लेखनात दडलेले आहेत.

क्रियापदांत या भेदाला व्याकरणिक महत्त्व आहे. ˈव्होर-को-मन म्हणजे आढळणे, घडणे. व्होर-ˈको-मन म्हणजे घडू न देणे, टाळणे. ˈऑन-डर-खान म्हणजे (सूर्य) मावळणे व ऑन-डर-ˈखान म्हणजे सोसणे. ˈओ-व्हर-ड्रेय-व्हन म्हणजे (ढग, वादळ) वरून निघून जाणे, तर ओ-व्हर-ˈड्रेय-व्हन म्हणजे अतिशयोक्ती करणे. आघात पूर्वपदावर असल्यास ते पूर्वपद क्रियापदापासून सुटे होते आणि भूतकालवाचक धातुसाधितात ‘ख-’ हा उपसर्ग दोहोंच्या मध्ये येतो : ˈऑन-डर-ख-खान (मावळलेला). आघात धातूवर असल्यास पूर्वपद सुटत नाही व हा उपसर्गही लागत नाही : ऑन-डर-ˈखान (सोसलेला). रोग आढळला की टाळला, हे एखाद्या वाक्यात केवळ आघातावरून ठरू शकते. डच लेखनात आघात सहसा दाखवीत नाहीत. मात्र संदिग्धता टाळण्यासाठी स्वरावर तिरपी रेघ देण्याची मुभा आहे.

असामासिक शब्दांतील आघात : प्राचीन जर्मानिक भाषांत आघात शब्दमूलाच्या पहिल्या अक्षरावर स्थिर झाला होता. मूळच्या डच शब्दांत आजही बहुधा हीच स्थिती आहे. मध्ययुगापासून फ्रेंच व लॅटिनमधून आलेल्या हजारो शब्दांनी मात्र शब्दाच्या अखेरीकडील आघात भाषेत आणला. परिणामी, आज प्रत्ययविरहित शब्दात प्रधान आघात शेवटच्या तीन अक्षरांपैकी एकावर पडतो. शब्द कितीही लांब असला, तरी ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही.

या तिहींपैकी कोणते अक्षर, हे प्रामुख्याने अक्षरांच्या गुरुत्वावर अवलंबून असते. (१) शेवटच्या अक्षरात उदासीन स्वर असल्यास आघात त्याच्या लगत आधी पडतो : पा-ˈखो-ड (पॅगोडा). (२) शेवटचे अक्षर दीर्घ स्वर व व्यंजन यांनी किंवा ऱ्हस्व स्वर व दोन व्यंजनांनी बनलेले असल्यास आघात बहुधा त्यावरच पडतो : का-ˈमेल (उंट), पा-रा-ˈडेय्स (स्वर्गोद्यान), प्रे-झी-ˈडेन्ट (अध्यक्ष). (३) शेवटचे अक्षर विवृत असल्यास आघात उपान्त्य अक्षरावर येतो : मा-का-ˈरो-नी, पी-ˈया-मा. यांपैकी दुसरा शब्द म्हणजे भारतातून यूरोपात गेलेला ‘पायजमा’ होय. (४) शेवटचे अक्षर ऱ्हस्व स्वर व एक व्यंजन यांचे असून उपान्त्य अक्षर विवृत असल्यास आघात आणखी एक अक्षर मागे जातो : ˈअल-मा-नक (पंचांग), ˈअल-को-हॉल. उपान्त्य अक्षर संवृत असल्यास मात्र तो तेथेच थांबतो : ए-ˈलेक-ट्रॉन.

या नियमांना अपवाद पुष्कळ आहेत. शो-को-ˈला (चॉकोलेट) यात आघात अखेरीस, तर ˈका-ना-डा (कॅनडा) व ˈओ-ली-फन्ट (हत्ती) यांत तो आरंभी आहे. म्हणून डचमधील आघात पूर्णतः नियमबद्ध नाही व पूर्णतः स्वैरही नाही. कोशांना तो शब्दागणिक द्यावा लागतो. पण अपरिचित शब्द पुढे आल्यास डच भाषक वरील प्रवृत्तींनुसारच तो उच्चारतात.

संस्कृत–मराठी वृत्तशास्त्राशी परिचित असलेल्या वाचकास येथे एक गोष्ट विशेष वाटेल. वृत्तात दीर्घ स्वराचे अक्षर आणि जोडाक्षरापूर्वीचे अक्षर ही दोन्ही गुरू मानली जातात. डचमध्ये आघाताच्या दृष्टीने व्यंजनाने बंद झालेले अक्षर गुरू ठरते. परंतु दीर्घ स्वराने संपणारे विवृत अक्षर लघूसारखे वागते. ही विसंगती कशी उलगडावी, यावर १९८० नंतर बरीच चर्चा झाली. मीके ट्रोमलन (१९८३), हॅरी व्हान डर हुल्स्ट (१९८४) व रने काखर (१९८९) यांच्या ग्रंथांत अक्षररचना आणि आघात यांची सांगड घालण्यात आली. खेर्ट बॉय यांच्या डच स्वनशास्त्रावरील ग्रंथात (१९९५) या विचारांचा एकत्रित परामर्श घेतलेला आहे. या डच स्वरांमधील भेद मुळात दीर्घत्वाचा नसून उच्चारणातील ताणाचा आहे, असे एक मत त्यातून पुढे आले.

गौण आघात : लांब शब्दात प्रधान आघाताखेरीज एक वा अधिक गौण आघात असतात. प्रधान आघात शब्दाच्या अखेरीस असल्यास पहिल्या अक्षरावर सामान्यतः गौण आघात पडतो. ‘विश्वकोश’ या अर्थाच्या एन-सी-क्लो-पे-ˈडी या पंचाक्षरी शब्दात शेवटचे अक्षर सर्वांत ठळक, पहिले त्याखालोखाल आणि मधली मंद असतात. दोन टोके उचललेली व मध्यभाग खाली झुकलेला अशा या आकारास अभ्यासकांनी झुल्याची उपमा दिली आहे. मधल्या दुर्बल अक्षरांतील स्वर जलद बोलण्यात उदासीन होतात. पण तेही क्रमाने. फो-नो-लो-ˈखी (स्वनशास्त्र) या शब्दात प्रथम दुसऱ्या अक्षराचा स्वर क्षीण होतो आणि मगच तिसऱ्याचा. तिसरे क्षीण व दुसरे पूर्ण असा उच्चार डच कानांना खटकतो.

प्रत्यय आणि आघात : प्रत्ययांचे आघाताच्या दृष्टीने तीन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील प्रत्यय आघाताला धक्का लावीत नाहीत. अनेकवचनाचे व लघुत्वदर्शक प्रत्यय बहुधा या वर्गात पडतात. दुसऱ्या वर्गातील प्रत्यय आघात स्वतःकडे खेचतात : बूर (शेतकरी), बू-ˈरिन (शेतकरीण), ˈले-रार (शिक्षक), ले-रा-ˈरेस (शिक्षिका), ˈब-कर (पाव भाजणारा), ब-क-ˈरेय (पाव भाजण्याचा कारखाना). परकीय प्रत्यय एकापुढे एक लागल्यास आघात क्रमाक्रमाने उजवीकडे सरकतो : ˈना-त्सी (राष्ट्र), ना-त्स्यो-ˈनाल (राष्ट्रीय), ना-त्स्यो-ना-ली-ˈटेय्ट (राष्ट्रीयत्व). तिसऱ्या वर्गातील प्रत्यय स्वतः आघातहीन असून तो आपल्या लगतच्या पूर्वीच्या अक्षरावर आणतात : ˈटू-व्हल (योगायोग), टू-ˈव्ह-लख (योगायोगाने घडणारे), ˈनोट-लॉट (दैव), नोट-ˈलॉ-टख (दुर्दैवी, घातक). काही परकीय नामांत अनेकवचनानेही आघात हलतो : ˈडॉक-टॉर, अनेकवचन डॉक-ˈटो-रन.

सामासिक शब्द : डच शब्द लांबतो तो मुख्यतः समासाने. समासातील शेवटचा घटक अर्थाचा गाभा असतो. पण प्रधान आघात सामान्यतः पहिल्या घटकावर पडतो. ˈवोर-डन-बूक (शब्दकोश) यात बूक (पुस्तक) हा गाभा असून जोर वोर-डन (शब्द) यावर आहे. म्हणजे अर्थ उजवीकडून, तर आघात डावीकडून ठरतो. पुढील घटकांचे मूळ आघात नाहीसे न होता गौण होऊन राहतात आणि त्यांच्या आधारेच श्रोता समासाचे भाग ओळखतो. अपवाद थोडे आहेत : स्टट-ˈहौस (नगरभवन) यात आघात दुसऱ्या घटकावर आहे. धरणवाचक ‘दम’ हे उत्तरपद असलेल्या अम-स्टर-ˈडम व रॉ-टर-ˈडम या नगरनामांतही शेवटच्या अक्षरावरच जोर आहे. इंग्रजी वळणाने पहिल्या अक्षरावर जोर देण्याची सवय मूळ उच्चाराला सोडून आहे.

समासाचे घटक जोडताना मध्ये ‘स’, ‘अ’ किंवा ‘अन’ असे सांधे येतात. उदाहरणादाखल अंशतः वा पूर्णतः काम करण्यास असमर्थ झालेल्या कामगारांच्या विम्यासंबंधीच्या १९६६ च्या नेदर्लंड्समधील कायद्याचे नाव घेता येईल. त्यातील मुख्य शब्द ˈअर-बेय्ट्स-ऑन-ख-स्खिक्ट-हेय्ट्स-व्हर-झे-क-रिंग असा असून तो ३३ वर्णांचा व १० अक्षरांचा आहे. त्याची घटना पुढीलप्रमाणे उलगडते : अर्बेय्ट (श्रम), सांध्याचा स, ऑन- (नकारार्थी उपसर्ग), खस्खिक्ट (योग्य), -हेय्ट (भाववाचक प्रत्यय), पुन्हा सांध्याचा स आणि व्हर्झेकरिंग (विमा). प्रधान आघात पहिल्या अक्षरावर पडतो, तर विम्याच्या शब्दातील ‘झे’ या अक्षरावर त्याचा मूळ आघात गौण रूपाने राहतो. ओळ तोडावयाची झाल्यास दोन सांध्यांपैकी एकानंतर तोडणे वाचकाला सर्वांत सोयीचे असते. व्यवहारात लोक या कायद्याचा उल्लेख वे-आ-ˈओ या आद्यवर्णांनी करीत आले. अशा वर्णसंक्षेपांत आघात शेवटच्या वर्णावर पडतो.

दीर्घ समासाचे नेहमी दिले जाणारे दुसरे उदाहरण म्हणजे ˈकिन-डर-कर-ना-व्हल्स-ऑप-टॉख्ट-व्होर-ब-रेय-डिंग्स-वेर्क-साम-हे-डन हा ४९ वर्णांचा व १५ अक्षरांचा शब्द. ‘मुलांच्या कार्निव्हल मिरवणुकीच्या पूर्वतयारीची कामे’ असा त्याचा अर्थ आहे. असे शब्द गंमतीखातर रचलेले असले, तरी त्यांत व्याकरणाचा एकही नियम मोडलेला नसतो.

संदिग्ध फोड : लांब शब्द एकसंध लिहिल्यामुळे त्याची फोड दोन प्रकारे होण्याचा संभव असतो. व्हल-कौल म्हणजे शिकारीसाठी खणलेला खड्डा. पण तेच वर्ण व्हल्क-औल असे तोडले, तर ‘ससाणा-घुबड’ असा विचित्र अर्थ निघतो. क्वार्ट-स्लाखन म्हणजे पाव वळसे व क्वार्ट्स-लाखन म्हणजे गारेच्या खनिजाचे थर. डेय्क-रम्प म्हणजे बांध फुटल्याने ओढवलेली आपत्ती, तर डेय-क्रम्प म्हणजे मांडीत आलेला पेटका. ˈबॉम-मेल-डिंग म्हणजे बाँब ठेवल्याची सूचना. घाईने वाचणारा ती बॉमल-डिंग अशी वाचतो आणि अर्थ न लागून अडखळतो. फोडीबरोबर आघात व व्यंजनेही बदलतात, असेही घडते : मा-ˈसा-झ-बेट म्हणजे मर्दनासाठीचा पलंग आणि त्याच लेखनाचे दुसरे वाचन ˈमा-सा-ख-बेट म्हणजे सामुदायिक प्रार्थना. ˈब-ल-ट्य (लहान चेंडू) व ब-ˈलेट-य (लहान नृत्यनाट्य) यांतील भेदही असाच आहे. याहून अवघड प्रकार म्हणजे औ-ट्य (छोटा कांदा) व औट-य (छोटी सहल). या दोहोंचे लेखन व उच्चार सारखेच असून केवळ ओळीच्या शेवटी तोडतानाच त्यांचा भेद दृष्टीस पडतो. गैरसमज होण्याचा संभव असल्यास घटकांमध्ये संयोगचिन्ह घालण्याची लेखननियमांनी परवानगी दिलेली आहे.

लेखनसुधारणा : डच लेखनाचे प्रमाणीकरण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले, १८०४ मध्ये सीखनबेक यांची आणि १८६० नंतर दे व्ह्रीस व ते विंकल यांची पद्धती प्रचारात आली. १९५४ मध्ये नेदर्लंड्स व बेल्जियम यांच्या सहकार्याने अधिकृत शब्दसूची प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठाच्या रंगावरून तिला ‘हिरवी पुस्तिका’ म्हणतात. १९८० मध्ये स्थापन झालेल्या डच भाषा संघाकडे लेखनविषयक निर्णयांचे काम आले. १९९५ च्या सुधारणेने समासातील सांध्यांचे नियम बदलले. ‘गाईची कास’ या अर्थाचा शब्द तोपर्यंत सात स्वरवर्ण सलग घेऊन लिहिला जाई. तेव्हापासून त्यात सांध्याचा ‘एन’ आला. त्याच वेळी समासाच्या सीमेवर स्वर एकमेकांना भिडल्यास त्रेमाऐवजी संयोगचिन्ह वापरावे, असे ठरले. २००५ च्या आवृत्तीत आणखी काही बदल झाले. सांध्यांच्या नियमांवर टीका झाली व २००६ मध्ये काही वृत्तपत्रांनी पर्यायी ‘पांढरी पुस्तिका’ स्वीकारली. उच्चारात न उमटणारा वर्ण लेखनात असावा काय, हा या वादाचा एक मुद्दा होता.

यांत्रिक विभाजन व आकलन : वृत्तपत्रांची जुळणी संगणकावर होऊ लागल्यावर शब्द आपोआप तोडण्याचा प्रश्न निकडीचा झाला. ह्यूखो ब्रांट कॉर्स्टियस (१९३५–२०१४) यांनी १९७० मधील आपल्या प्रबंधात डच शब्दांची अक्षरे पाडणारी संगणकीय पद्धती मांडली. १९८३ मध्ये फ्रँकलिन लिआंग यांनी वर्णांच्या आकृतिबंधांवर आधारलेली पद्धती इंग्रजीसाठी सिद्ध केली. पुढे तिच्यात डचचे आकृतिबंध तयार झाले. तथापि कांदा की सहल, चेंडू की नृत्यनाट्य, हे केवळ वर्णांवरून यंत्राला ठरविता येत नाही. त्यासाठी संदर्भ लागतो. लिखित मजकूर वाचून दाखविणाऱ्या यंत्रांपुढेही समासाची फोड व आघात याच अडचणी प्रथम येतात, कारण फोड चुकली की उच्चारही चुकतो.

डच श्रोते आघाताचा उपयोग शब्द ओळखण्यासाठी प्रत्यक्ष करतात, असे प्रयोगांवरून दिसून आले आहे. नायमेखन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेत अ‍ॅन कटलर (१९४५–२०२२) व त्यांचे सहकारी यांनी या विषयाचा विशेष अभ्यास केला. ˈऑक-टो-पस (अष्टपाद प्राणी) व ऑक-ˈटो-बर (ऑक्टोबर) या शब्दांची पहिली दोन अक्षरे सारखीच आहेत. तरीही शब्द पुरा होण्याआधीच श्रोता आघातावरून दोहोंपैकी एक वगळू शकतो. इंग्रजी श्रोते या खुणेचा तुलनेने कमी उपयोग करतात; कारण इंग्रजीत आघातहीन स्वर बहुधा क्षीण होतात व स्वरावरूनच शब्द ओळखता येतो. यावरून परभाषकाने डच शिकताना एखादा ध्वनी किंचित चुकविला, तर तो सहज समजून घेतला जातो. मात्र आघात चुकविला, तर ऐकणारा दुसऱ्याच शब्दाचा शोध घेऊ लागतो, असे का घडते याचा उलगडा होतो. आघात अर्थभेदक नसलेल्या मराठीसारख्या भाषेच्या भाषकाने म्हणूनच प्रत्येक नवा डच शब्द त्याच्या आघातासह पाठ करणे आणि लांब शब्द दिसताच उजवीकडील गाभा व डावीकडील आघात यांच्या आधारे त्याची फोड करणे इष्ट ठरते.